दूध प्या, पण आधी ताट मोजा

माझ्या बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा होता तेव्हा दिवसाला पाच बाटल्या दूध प्यायचा. जेवायला बसवलं की दोन घास खाल्ले न खाल्ले की तोंड फिरवायचा, मग "जाऊ दे, दूध तर पोटात जातंय ना" म्हणत आजी बाटली भरायची आणि आम्ही सगळे निश्चिंत. गुटगुटीत होता, वजनाची तक्रार नव्हती, फक्त जरा पांढुरका दिसायचा आणि चार पायऱ्या चढायच्या म्हटलं की कडेवर घे म्हणून हट्ट करायचा. आम्हाला वाटायचं पोरगं आळशी आहे. मग एकदा तापाच्या निमित्ताने रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फक्त ८. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंच, पण त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "दूध निम्मं करा."

घरात जवळपास भांडणच झालं. दूध कमी करा? दूध तर पूर्णान्न! लहानपणापासून हेच ऐकत आलोय ना सगळे. पण मी तेव्हापासून यावर वाचत गेले, घरातल्या सगळ्यांचं खाणं कागदावर मांडून बघितलं, आणि आता माझं मत पक्कं आहे. दूध चांगलंच आहे, पण त्याची ताटात एक जागा आहे, दहापैकी एक. उरलेल्या नऊ जागा रिकाम्या ठेवून ती एकच जागा कितीही भरली तरी उपयोग नाही. म्हणून या लेखात दुधाकडे वळायच्या आधी ताट बघायचंय.

पायरी १: काल काय खाल्लं ते लिहा

काल. उद्यापासून काय खाणार ते नको, ते सगळ्यांचं छानच असतं 😄 काल उठल्यापासून झोपेपर्यंत जे जे तोंडात गेलं ते सगळं लिहायचं, चहासोबतची दोन बिस्किटं, मुलाच्या डब्यात उरलेला घास, रात्री फ्रिज उघडून उभ्या उभ्या खाल्लेलं, सगळं. असे तीन दिवस लिहा आणि त्यातला एक सुट्टीचा असू द्या, कारण सुट्टीचं खाणं वेगळंच असतं. मोजमाप, कॅलरी वगैरे काही नको, फक्त नावं.

पायरी २: दहा गटांत वाटा

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, २०१६ साली बायकांच्या आहारातली विविधता मोजायची एक सोपी पद्धत छापली. त्यात दहा गट आहेत आणि आदल्या दिवशी त्यातले किमान पाच पोटात गेले का एवढंच बघतात. ती पद्धत खरं तर मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीसाठी आहे, एकट्या माणसाला पास-नापास करायला नाही, पण घरच्या घरी आरसा म्हणून मला ती फार आवडते. गट असे:

१. धान्यं आणि पिठूळ कंद (गहू, तांदूळ, मका, ज्वारी, ओट्स, बटाटा सगळं यातच)
२. डाळी, कडधान्यं, सोयाबीन
३. सुकामेवा, शेंगदाणे, बिया
४. दूध, दही, पनीर, चीज
५. मांस, मासे, चिकन
६. अंडी
७. गडद हिरव्या पालेभाज्या
८. व्हिटॅमिन ए वाल्या केशरी-पिवळ्या भाज्या आणि फळं (गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा, पपई)
९. इतर भाज्या
१०. इतर फळं

आता यातल्या खाचाखोचा, खरी मजा तिथेच आहे. सकाळी ब्रेड, दुपारी भात, संध्याकाळी बटाट्याचे काप आणि रात्री पास्ता खाल्ला तर जिभेला चार पदार्थ वाटतात पण गट पडतो एकच! माझ्या पहिल्या कागदावर हेच झालं होतं, लिहिताना वाटलं अरे वा किती व्हरायटी आहे, आणि गट लावले तर तीन. दुसरं म्हणजे साधारण १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचाभर तरी खाल्लं असेल तरच गट धरायचा, त्यामुळे वरून भुरभुरवलेली चार हिरवी पानं म्हणजे पालेभाजी नाही. लोणी आणि क्रीम दुधाच्या गटात येत नाहीत, ते स्निग्ध पदार्थांत जातात, आईस्क्रीम गोडात. चहातलं दोन चमचे दूधही मी धरत नाही.

शाकाहारी असाल तर पाचवा गट आपोआप गेला, अंडी खात नसाल तर सहावाही. मग उरतात आठ, आणि त्यातले पाच-सहा रोज जमवायला जरा जास्त लक्ष द्यावं लागतं, पण जमतं.

विविधता का लागते याचं उत्तर इतिहासात आहे. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्टियान आइकमान नावाच्या डच डॉक्टरने पाहिलं की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. पोट भरत होतं पण कोंड्यातलं काहीतरी कमी पडत होतं, ते काहीतरी म्हणजे थायमिन, व्हिटॅमिन बी १. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं. पोट भरणं वेगळं आणि शरीराचं भागणं वेगळं, हे कोंबड्यांनी शिकवलं म्हणायचं.

पायरी ३: एका वेळी एकच खिंडार बुजवा

इथे लोकांचं चुकतं. कागद बघून घाबरतात, सोमवारपासून सगळंच बदलतात आणि गुरुवारी पुन्हा जैसे थे. त्यापेक्षा जो गट तिन्ही दिवस रिकामा दिसतोय त्यातला एकच उचला आणि रोजच्या ठरलेल्या जेवणाला चिकटवून टाका. वेगळं काही शिजवायचं असेल तर ते टिकत नाही, हा माझा अनुभव. पालेभाजी रिकामी असेल तर जी डाळ रोज शिजतेच तिच्यात मूठभर चिरून टाका. बिया रिकाम्या असतील तर बरणी टेबलावर आणून ठेवा, कपाटातली बरणी कोणी उघडत नाही. फळ रिकामं असेल तर चार वाजताच्या चहाच्या आधी, कारण चहाबरोबर आलेलं बिस्किट फळाला हरवतंच.

जोड्या लावताना दोन गोष्टी लक्षात ठेवा, यांचा फायदा लगेच होतो. एक, धान्यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रोटीन ज्या तुकड्यांनी बनतं त्यातला एक) कमी असतं आणि डाळींत मेथिओनिन कमी असतं, दोन्ही खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते, एकाच घासात असायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही गेलं की झालं. दोन, डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह शरीर नीट ओढून घेत नाही, पण सोबत लिंबू, पेरू, संत्रं, टोमॅटो असं व्हिटॅमिन सी असलेलं काही असेल तर बरंच जास्त ओढतं. उलट जेवणावर लगेच चहा-कॉफी घेतली की ते लोह अडतं. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवलं तरी फरक पडतो.

डब्ल्यूएचओचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं, म्हणणं आहे की दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या हव्यात, आणि त्यात बटाटा धरत नाहीत. एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा, मला वाटलं त्यापेक्षा बराच मोठा ढीग निघाला.

पायरी ४: आता दूध, ग्लासात नेमकं काय आहे

२५० मिली फुल फॅट गायीचं दूध घ्या. त्यातलं जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात साधारण ८ ग्रॅम प्रोटीन, ८ ग्रॅमच्या आसपास फॅट, १२ ग्रॅम लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, आणि ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. शिवाय रायबोफ्लेविन (व्हिटॅमिन बी २), फॉस्फरस, आणि मोठ्या माणसाला दिवसभरात लागणाऱ्या व्हिटॅमिन बी १२ चा जवळपास निम्मा वाटा. अंडी-मांस न खाणाऱ्यांसाठी ही शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे कारण झाडापाल्यातून बी १२ जवळजवळ मिळतच नाही. म्हशीच्या दुधात फॅट गायीच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास, कॅल्शियमही जास्त, त्यामुळे ते दाट लागतं आणि पोटही लवकर भरतं.

दुधातलं प्रोटीन पूर्ण प्रतीचं असतं, सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात आहेत, साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. दूध फाटल्यावर जे पांढरं गोळा होतं ते केसिन, आणि खाली राहणाऱ्या हिरवट पाण्यात व्हे असतं. लोक ते पाणी सिंकमध्ये ओततात आणि मग महागडी व्हे पावडर आणतात, असो.

आणि ग्लासात काय नाही? फायबर शून्य. व्हिटॅमिन सी नावापुरतं. व्हिटॅमिन डी वरून घातलेलं नसेल तर अगदी थोडं. आणि लोह इतकं कमी की एक लिटर दूध प्यायलं तरी जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळेल, दोन-तीन वर्षांच्या मुलाला रोज लागतं ७ मिलिग्रॅमच्या आसपास. भाच्याचं कोडं इथेच सुटलं. पोट दुधाने गच्च, त्यामुळे लोह असलेलं जेवण आत जायला जागा नाही, आणि जे थोडं जातंय त्यातलं लोह दुधातलं कॅल्शियम आणि केसिन मिळून अडवतंय. पूर्णान्न म्हणायचंच असेल तर ते नवजात बाळासाठी आईचं दूध, तेही सहा महिने, पुढे तेवढं पुरत नाही.

पायरी ५: किती प्यायचं

एक वर्षाच्या आतल्या बाळाला गायी-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नका. लोह कमी हे एक झालंच, शिवाय त्यातलं प्रोटीन आणि क्षार बाळाच्या किडनीला जड जातात आणि काही बाळांच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावही होतो. आईचं दूध, ते शक्य नसेल तर डॉक्टर सांगतील ती फॉर्म्युला पावडर, आणि सहा महिन्यांनंतर वरचं खाणं.

एक ते पाच वर्षं: साधारण दोन कप, म्हणजे ४००-५०० मिली, बास. ७०० मिलीच्या वर रोज जात असेल तर जेवण मार खाणारच. आणि बाटली सोडवा हो, कपातून द्या, कपातून मूल आपोआप कमी पितं आणि रात्रभर दातांवर दूध साचून किडतात तेही टळतं.

वाढीच्या वयात, ९ ते १८, कॅल्शियमची गरज सगळ्यात जास्त, अमेरिकन शिफारस १३०० मिलिग्रॅमची आहे. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं आणि हाडांची तिजोरी साधारण तिशीपर्यंतच भरत राहते, नंतर काढणं सुरू. त्यामुळे खरं दूध-दही या पोरांना हवं आणि नेमकी हीच पोरं दूध सोडून कोल्ड्रिंकवर जातात.

मोठ्यांना १००० मिलिग्रॅम कॅल्शियम धरा. दूध-दही मिळून दिवसाला एक ते दोन ग्लास आणि बाकीचं ताटातून, एवढं पुष्कळ झालं. चार ग्लास प्यायलं म्हणजे हाडं चौपट मजबूत असं काही नसतं, हाडांना वजन पेलणारा व्यायाम, ऊन आणि प्रोटीनही लागतं.

पायरी ६: कोणतं दूध

फॅट काढलं की कॅल्शियम जातं हा गैरसमज. कॅल्शियम पाण्याच्या भागात असतं, स्किम्ड दुधातही तेवढंच राहतं, जातात ती फॅटमध्ये विरघळणारी व्हिटॅमिनं ए आणि डी, म्हणून बऱ्याच कंपन्या ती परत घालतात. ज्यांना वजन किंवा कोलेस्टेरॉल बघायचंय त्यांनी लो फॅट घ्या, वर्ष-दोन वर्षांच्या पिल्लांना मात्र फुल फॅटच द्या.

कच्चं दूध औषधी वगैरे म्हणून पिऊ नका, त्यातून क्षयापासून ब्रुसेलोसिसपर्यंत (जनावरांकडून माणसाला होणारा एक संसर्ग) काहीही येऊ शकतं. पाश्चरायझेशनमध्ये ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि पोषणाचं फारसं काही बिघडत नाही. पाकिटावर पाश्चराइज्ड लिहिलं असेल आणि ते थंड राहिलं असेल तर तासभर आटवत बसायची गरज नाही, एक उकळी फार झाली. सुटं दूध मात्र उकळाच. आणि पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवू नका, उजेडाने रायबोफ्लेविन नासतं.

सोया, बदाम, ओट यांची "दुधं" घेत असाल तर लेबल वाचा. सोयाच्या एका कपात ७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, बदामवाल्यात बहुतेक वेळा १ ग्रॅम, म्हणजे ते पांढरं पाणीच म्हणा ना. कॅल्शियम वरून घातलेलं असतं आणि ते तळाशी बसतं, ओतायच्या आधी खोका हलवा. मुलांसाठी दुधात घालायच्या पावडरींबद्दल एकच सांगते, डब्याच्या मागच्या यादीत साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा आणि मग ठरवा.

पायरी ७: दूध पचत नसेल तर

जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांना लॅक्टोज पूर्ण पचत नाही, त्यामुळे तुम्हाला दूध पिऊन पोट गुरगुरतं, गॅस होतो, पळावं लागतं तर तुम्ही बहुमतात आहात. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम लहानपणानंतर कमी होत जातं, एवढंच. पण पचत नाही म्हणजे थेंबभरही चालत नाही असं नाही, बऱ्याच जणांना १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे एक ग्लास, जेवणासोबत फारसा त्रास न होता चालतो.

घरी असं करून बघा. दोन आठवडे दूध पूर्ण बंद, पोट शांत होतंय का बघा. मग अर्धा कप जेवणासोबत, रिकाम्या पोटी नाही. दोन-तीन दिवस ठीक गेले तर थोडं वाढवा, जिथे गुरगुर सुरू होईल तिथून एक पायरी मागे या, ती तुमची मर्यादा. जुनं घट्ट चीज जवळपास लॅक्टोजशिवायच असतं. आणि दही तर सगळ्यात भलं, विरजणातले जंतू लॅक्टोज खातात आणि उरलेलं पचवायलाही पोटात मदत करतात.

दही नीट लागत नाही अशी तक्रार असते, तर चूक जवळपास नेहमी तापमानात असते. दूध उकळा, मग ४०-४५ अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात बुडवून दहापर्यंत मोजा, चटका बसून बोट काढावंसं वाटलं तर अजून गरम आहे, काहीच जाणवलं नाही तर थंड झालंय, उबदार वाटलं पण दहा मोजता आले की विरजण लावायची वेळ. लिटरला दोन छोटे चमचे ताजं दही, आधी वाटीत थोड्या दुधात फेटून मग सगळ्यात मिसळा, झाका, आणि सहा-सात तास भांडं हलवू नका. अगदी "लागलं का" म्हणून तिरकं करून बघणंही नको, मी दर वेळी तेच करायचे.

हे सगळं लॅक्टोजपुरतं. दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही ॲलर्जी, तिथे प्रयोग अजिबात नाही, थेट डॉक्टर.

पायरी ८: दूध घ्यायचंच नसेल तर

नका घेऊ, दुधाशिवाय माणूस व्यवस्थित जगतो, फक्त हिशोब मांडावा लागतो. पालकात कॅल्शियम भरपूर हे कागदावर खरं आहे, पण त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि जेमतेम ५ टक्के अंगी लागतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका ग्लासाची बरोबरी करायला शिजवलेला पालक सात-आठ वाट्या खावा लागेल. ब्रोकोली आणि कोबीच्या जातीतल्या हिरव्या पानांमध्ये ऑक्झलेट कमी, तिथून दुधापेक्षाही चांगल्या प्रमाणात शोषलं जातं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तीळ न सोललेले असतील तर चमचाभरात ८०-९०, कॅल्शियम घालून जमवलेला टोफू, काट्यासकट खायचे छोटे मासे हेही आहेत. बी १२ ला मात्र पर्याय नाही, दूध-अंडी-मांस तिन्ही बंद असेल तर गोळी किंवा बी १२ घातलेले पदार्थ लागणारच.

पायरी ९: औषधं आणि दूध

छोटी पायरी पण महत्त्वाची. लोहाची गोळी दुधासोबत घेऊ नका. थायरॉइडच्या गोळीनंतर कॅल्शियमची गोळी घ्यायची असेल तर चार तासांचं अंतर ठेवतात, दूधही लगेच नको. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स दुधातल्या कॅल्शियमला चिकटून वाया जातात. ॲसिडिटीवर थंड दूध घेणारेही खूप, क्षणभर बरं वाटतं पण थोड्या वेळाने पोट उलट जास्त आम्ल सोडतं. किडनीचा आजार असेल तर दूध किती हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पायरी १०: पंधरा दिवसांनी पुन्हा कागद

परत तीन दिवस लिहा, गट लावा, आकडा बघा. तीनाचा चार झाला तरी चालेल, पुढचं खिंडार निवडा.

आमच्या बहिणीच्या फ्रिजवर तो कागद अजून आहे, दहा रकाने आणि भाच्याने स्वतः मारलेल्या टिका. बाटली गेली, स्टीलचा छोटा कप आला, सकाळी एक आणि झोपायच्या आधी एक. पहिले दहा दिवस रडारड आणि उपासमारीच्या धमक्या, मग एका दुपारी भूक लागली म्हणून स्वतःहून ताटावर येऊन बसला. तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं आणि जिना आता आमच्या आधी चढतो. पालेभाजीच्या रकान्यात मात्र टीक मारून भाजी गुपचूप वाटीखाली सरकवतो, परवाच पकडला.